शेण कोणी उचलायचे? द्विशिक्षकी शाळेतील सहा आठवड्यांचा एक प्रकरण अभ्यास

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील माणदेशात, गावापासून काहीशा दूर असलेल्या एका वस्तीवर आमची पहिली ते चौथीची जिल्हा परिषद शाळा आहे. शिक्षक दोन, खोल्या दोन, आणि ज्या वर्षीची ही नोंद आहे त्या वर्षी पटावर 31 मुले होती. दिवाळीची सुट्टी संपल्यावर त्यांपैकी 27 परत आली. उरलेली चार आईवडिलांच्या मेंढरांबरोबर बाहेर पडली होती. पावसाळा सरला की धनगरांचे वाडे चाऱ्यासाठी हलतात, आणि घरी आजी-आजोबा असतील तरच मूल शाळेसाठी मागे राहते. वस्तीवरील बहुतेक घरांत दोन-चार जनावरे असल्यामुळे शेण ही आमच्या मुलांच्या रोजच्या पाहण्यातली वस्तू आहे. तिचा अभ्यासाचा विषय करावा असे मला वाटले ते एका अप्रिय प्रसंगामुळे.

तिसरीतील एक मुलगी शाळेत येण्यापूर्वी आईबरोबर दुसऱ्यांच्या गोठ्यात शेणघाण काढून येत असे. नोव्हेंबरच्या अखेरीस एका सकाळी तिच्या शेजारचा मुलगा नाक धरून पट्टीच्या पार दुसऱ्या टोकाला सरकला आणि पुढच्या दोघांनी तिला ‘शेणकिडा’ म्हणून हाक मारली. चिडवणाऱ्याच्या घरीही दोन म्हशी होत्या. फरक इतकाच की तिथले शेण दुसरे कोणी तरी काढत असे. मी मुलांना दटावले आणि वर्ग शांत झाला, परंतु दटावल्याने तोंडे मिटतात, मनातला किळस तिथेच राहतो, हे मला कळत होते. त्याच आठवड्यात शालेय पोषण आहारासाठीच्या परसबागेत मेथीचे वाफे करायचे होते आणि त्यांना खत हवे होते. ही दोन्ही कामे एकत्र सांधावीत, असा विचार करून मी डिसेंबर महिना आणि त्याच्या अलीकडचे-पलीकडचे काही दिवस मिळून सहा आठवड्यांचे नियोजन केले.

नियोजनामागची कल्पना माझी नव्हती. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेतून गांधीजींची नयी तालीम, म्हणजे कामातून शिक्षणाची पद्धत, पुढे आली, तेव्हापासून एका उत्पादक कामाभोवती भाषा, गणित, विज्ञान असे सर्व विषय गुंफण्याच्या पद्धतीला आपल्याकडे ‘समवाय’ हा शब्द आहे. तिथे मध्यभागी चरखा होता. मी तिथे शेणाचा पो ठेवला. माझ्या सहकारी बाईंनी त्याच वेळी एक शंका काढली होती. जी मुले घरी हेच करून येतात त्यांना शाळेतही हेच करायला लावून आपण त्यांना नवे काय देणार, असे त्या म्हणाल्या. मी त्यावर श्रमप्रतिष्ठेचे चार शब्द सुनावले आणि पुढे गेलो. ती शंका तिथेच नीट ऐकून घेतली असती, तर या लेखातला निम्मा भाग लिहावा लागला नसता.

सुरुवात भाषेपासून केली, कारण तिथे हात घाण होण्याचा प्रश्न नव्हता. गाय, बैल आणि म्हैस यांचे ते शेण; घोड्याची, गाढवाची आणि हत्तीची ती लीद; शेळ्या-मेंढ्यांच्या त्या लेंड्या; पक्ष्यांची ती शीट. हे शब्द मुलांनीच सांगितले आणि फळा भरला. त्यापाठोपाठ शेणाच्या रूपांचे शब्द आले : शेणी म्हणजे गोवरी, रानात आपोआप वाळलेली रानशेणी, शेण्या रचून केलेला हुडवा, सडा, सारवण, शेणकाला, शेणखत, उकिरडा. दिवाळीत अंगणात मांडलेल्या शेणाच्या गवळणी मुलांच्या डोळ्यांसमोर ताज्या होत्या, त्यामुळे पहिलीच्या मुलांनी चित्रे काढली ती बहुतेक त्यांचीच. माणसाच्या विष्ठेसाठी घरात वापरला जाणारा शब्द एकाने मोठ्याने उच्चारल्यावर दहा मिनिटे हशा थांबेना. तो दाबण्याऐवजी तो शब्दही फळ्यावर लिहिला आणि शेजारी ‘शौच’ आणि ‘विष्ठा’ हे शब्द लिहून कुठला शब्द कुठे वापरतात एवढेच विचारले. दुसऱ्या दिवसापासून त्या शब्दाची गंमत संपली.

चौथीतील एका मुलाच्या प्रश्नाने मात्र मलाच थांबवले. ‘शेण खाणे’, ‘लोक तोंडात शेण घालतील’ असे वाक्प्रचार आम्ही गोळा करत होतो. त्याने विचारले की शेणखताची गाडी विकत घ्यायला पैसे पडतात, मग बोलण्यात शेण वाईट का? मी तो प्रश्न वर्गाकडेच परत पाठवला. काऊचे घर शेणाचे आणि चिऊचे घर मेणाचे ही गोष्ट प्रत्येकाला पाठ होती. शेणाचे घर पावसात वाहून जाते हे खरे असले, तरी ज्या घरात आपली आजी राहत होती त्याची जमीन शेणाने सारवलेलीच होती, आणि मेणाचे घर माणदेशच्या उन्हाळ्यात काय टिकणार, असा मुद्दा दुसरीच्या मुलीने मांडला. गोष्ट उलटी सांगण्याचा तो तास मी ठरवलेला नव्हता. सहा आठवड्यांत भाषेचा याहून चांगला तास झाला नाही.

गणितात पहिल्याच दिवशी माझ्या हातून चूक झाली. ओल्या शेणीचे वजन करायचे होते आणि शाळेत एकच तराजू होता, तो पोषण आहाराच्या तांदळाचा. कागद अंथरून मी त्यावर शेणी ठेवली. स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी ते पाहिले आणि मुलांसमोरच मला सुनावले, तेही अगदी योग्य शब्दांत. स्वच्छतेचा पाठ देणाऱ्यानेच धान्याच्या तराजूत शेण ठेवावे, यावर बचाव करण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते. तराजू साबणाने आणि उकळत्या पाण्याने धुतला, मुलांसमोर चूक मान्य केली आणि मोडीत निघालेला एक स्प्रिंगचा काटा दुरुस्त करून शेणाच्या कामासाठी वेगळा ठेवला. नंतर स्वच्छतेच्या नियमांची चर्चा निघाली तेव्हा मुलांनी पहिला नियम हाच लिहिला की खाण्याची आणि शेणाची भांडी कधीही एक करायची नाहीत. माझ्या फजितीतून आल्यामुळे तो कोणी विसरले नाही.

गणिताचा पुढचा भाग सुरळीत पार पडला. बरोबर एक किलो ओल्या शेणाची शेणी थापून शाळेच्या भिंतीला उन्हात लावली आणि चौथीच्या मुलांनी रोज तिचे वजन करून आलेख काढला. बाराव्या दिवशी काटा 240 ग्रॅमवर येऊन थांबला. उरलेले 760 ग्रॅम कुठे गेले, हा प्रश्न वजाबाकीचा होता तसाच विज्ञानाचाही होता. ताज्या शेणात साधारण चार पंचमांश पाणीच असते, हे उत्तर मी सांगण्यापूर्वी तिसरीपर्यंतच्या मुलांनी ‘ऊन प्यायलं’ असे काढले होते, आणि बाष्पीभवनाचे यापेक्षा सरळ वर्णन मला सुचलेले नाही. गावात एका घरी चालू असलेले गोबरगॅस संयंत्र पाहून आल्यावर चौथीने आणखी एक हिशेब केला. साधारण 25 किलो ताज्या शेणापासून एक घनमीटर गॅस मिळतो आणि एक गाय दिवसाला सुमारे 10 किलो शेण देते असे धरले, तर दोन घनमीटरच्या संयंत्रासाठी किती गायी लागतील? पाच हे उत्तर निघाल्यावर आपल्या घरी तीनच जनावरे आहेत म्हणून एकजण खरोखर हिरमुसला.

विज्ञानाच्या अंगाने सर्वाधिक वेळ लेंडीने खाल्ला. कोरडी लेंडी काडीने फोडून भिंगाखाली पाहिली, शेजारी म्हशीचे वाळलेले शेण आणि जत्रेतल्या घोड्याची लीद ठेवली. लिदीत गवताचे धागे जाडेभरडे दिसतात आणि म्हशीच्या शेणात बारीक, कारण म्हैस गिळलेला चारा पुन्हा तोंडात आणून रवंथ करते आणि घोडा तसे करत नाही. लेंडी कोरडी आणि सुटी का पडते, याचे कारण शेळी-मेंढीच्या आतड्याच्या शेवटच्या भागात पाणी शोषून घेतले जाते हे होय. कमी पाण्याच्या मुलखात शेळी-मेंढी का निभावते, हे मुलांना वेगळे सांगावे लागले नाही. लेंडीत एका मुलाला वेड्या बाभळीचे अख्खे बी सापडले. ते ओल्या मातीत लावले आणि उगवले, तेव्हा माळावर ही बाभूळ कुणी पेरली याचा उलगडा झाला. शाळेच्या भिंतीच्या भेगेतला पिंपळही त्याच वाटेने आलेला होता, फक्त ते बी पक्ष्याच्या पोटातून आले होते.

त्याच सुमारास धान्याच्या खोलीत काळे बारीक दाणे दिसले. उंदराची लेंडी आणि पालीची विष्ठा आकाराने सारखीच असते, परंतु पालीच्या विष्ठेच्या एका टोकाला पांढरा ठिपका असतो. पाल आणि पक्षी यांच्या शरीरातून लघवी पाण्यासारखी न येता युरिक आम्लाच्या पांढऱ्या रूपात विष्ठेबरोबरच बाहेर पडते. कावळ्याच्या शिटेतला पांढरा भागही तोच. हे कळल्यावर मुलांनी हात न लावता, लांबूनच मावशींबरोबर खोलीची पाहणी केली आणि पोत्यांमागचे दाणे बिनठिपक्याचे, म्हणजे उंदराचे असल्याचे सांगितले. उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस पसरतो; 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईत त्याची मोठी साथ आली होती, आणि कोकणात भातलावणीच्या हंगामात त्याची भीती असतेच. त्या आठवड्यात तांदळाची पोती जमिनीवरून उचलून झाकणाच्या पिंपांत गेली. सहा आठवड्यांतला सर्वांत ठोस उपयोग कोणता, असे कोणी विचारले तर मी हेच सांगेन.

परसबागेत दोन वाफे शेजारी शेजारी केले. एकात ताजे शेण मिसळले, दुसऱ्यात वर्षभर कुजलेले शेणखत. ताज्या शेणाच्या वाफ्यात मेथीपेक्षा गवतच अधिक उगवले, कारण जनावराने खाल्लेले गवताचे बी जिवंतच बाहेर आले होते. खणताना तिथे पिकांची मुळे खाणाऱ्या हुमणीच्या अळ्याही निघाल्या. चांगला रचलेला उकिरडा आतून तापतो आणि त्या उष्णतेने बरेचसे बी आणि रोगजंतू मरतात. थंडीच्या सकाळी उकिरड्यातून निघणारी वाफ सर्वांनी पाहिलेली होती, पण ती ‘शिजण्याची’ आहे हे कोणाच्या लक्षात आलेले नव्हते.

आरोग्याच्या तासाला वस्तीवरील आशाताई आल्या. शेण पवित्र आहे, मग त्याने रोग कसा होईल, असे काही घरांतून विचारले गेल्याचे मुलांनी सांगितले होते. आशाताईंनी श्रद्धेवर वाद घातला नाही. शेण आणि शेण मिसळलेली माती यांत धनुर्वाताचे जंतू असू शकतात, पूर्वी बाळाच्या नाळेला शेण लावण्याच्या प्रथेने बाळे दगावत असत, आणि लसीकरण व स्वच्छ बाळंतपणांमुळे 2015 मध्ये भारतात नवजात बाळांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले, एवढे त्यांनी शांतपणे सांगितले. त्यानंतरचे नियम मुलांनी बनवले : हाताला जखम असेल तर शेणाला हात नाही, काम झाल्यावर साबणाने कोपरापर्यंत धुणे, नखे कापलेली, आणि कुत्र्या-मांजराची किंवा माणसाची विष्ठा भाजीच्या खतात कधीच नाही. माझ्याही मनातला एक घोटाळा याच तासाला दूर झाला. शाळेत जी जंतनाशक गोळी दिली जाते ती ज्या जंतांसाठी असते ते माणसाच्या विष्ठेने दूषित झालेल्या मातीतून येतात, गाईच्या शेणातून नव्हे. आम्ही शिक्षक ‘घाणीतून जंत होतात’ असे मोघम सांगतो, आणि मग मुले नेमकी चुकीच्या घाणीला घाबरतात.

इथवर वाचताना सारे छान चालले होते असे वाटेल. मलाही तसेच वाटत होते. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी त्या मुलीची आई शाळेच्या दाराशी येऊन उभी राहिली. आत या म्हटले तरी ती आली नाही. ती म्हणाली, “गुरुजी, ह्या शेणातनं सुटावी म्हणून पोरीला साळंत घातली. तुमी पुन्हा तेच तिच्या हातात दिलंसा.” मी तिला प्रकल्पाचा हेतू समजावू लागलो. तिने ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला : ज्यांनी तिला चिडवले त्यांनी किती पाट्या उचलल्या?

मी रोजची नोंदवही ठेवत होतो. त्या संध्याकाळी बाईंनी आणि मी ती उघडून बसलो. तीन आठवड्यांत शेण आणण्याची, मिसळण्याची आणि थापण्याची कामे अकरा वेळा झाली होती. त्यांपैकी नऊ वेळा तीच चार मुले पुढे होती, आणि त्या चारांत तीन मुली होत्या. वजन लिहिणारी, आलेख काढणारी, पाहुण्यांना माहिती सांगणारी मुले बहुतेक वेळा वेगळी होती. मी कोणालाही जबरदस्तीने पाठवलेले नव्हते. “कोण आणतंय?” असे विचारायचो आणि ज्यांना सवय होती ती उठायची. ज्या घरांत शेणाला हात लावणे कमीपणाचे मानतात तिथली मुले बसून राहायची. गावात कोणाचे काम कोणते हे जसे ठरलेले असते, तसेच ते माझ्या वर्गात, श्रमप्रतिष्ठेच्या नावाखाली, मी नव्याने मांडून ठेवले होते. स्वयंस्फूर्तीने हात वर करायला सांगणे ही आपल्या वर्गांतली अगदी निरागस वाटणारी रीत आहे. जातीची आणि बाईपणाची जुनी वाटणी तिच्यातून किती सहज आत येते, हे मला बावीस वर्षांच्या नोकरीनंतर त्या वहीने दाखवले.

पुढील तीन आठवड्यांत आम्ही काम बंद केले नाही, वाटणी बदलली. उचलण्याचे काम हजेरी क्रमांकाने लावले आणि पहिले दोन क्रमांक दोन्ही शिक्षकांचे धरले. शेण हाताने उचलणे थांबवून खोरे आणि पाटी वापरली. ज्या मुलांना घरून काम येत होते त्यांना ‘जाणकार’ ठरवले : जाणकाराने उचलायचे नाही, सांगायचे आणि इतरांनी लिहून घ्यायचे. आजीजवळ मागे राहिलेला चौथीतला धनगराचा मुलगा यात खुलला. कापणी झालेल्या रानात मेंढरे कशी बसवतात, रात्रीतून जाळीची वाघर कशी सरकवतात म्हणजे लेंडी आणि मूत सगळ्या रानाला सारखे मिळते, त्याबद्दल शेतकरी धान्य किंवा रोकड किती देतो हे कसे ठरते, हे त्याने सांगितले आणि वर्गाने त्यावर गणिते रचली. लिखाणात तो मागेच होता, आणि अजूनही आहे. परंतु त्या दिवशी फळ्यासमोर खडू त्याच्या हातात होता आणि ‘वाघर’ हा शब्द बाकीचे त्याला विचारून लिहीत होते. चिडवणाऱ्या मुलाची पहिली पाळी आली तेव्हा त्याच्या वडिलांचा फोन आला. आमचा मुलगा शेण उचलणार नाही, असे ते म्हणाले. मी नियमाचे कारण सांगितले, ते मानले नाहीत, आणि त्या पाळीच्या दिवशी मुलगा गैरहजर राहिला. पुढच्या पाळीला तो आला आणि त्याने काम केले. घरी सांगू नका, एवढेच तो म्हणाला. मी सांगितले नाही. ते बरोबर की चूक, यावर बाईंचे आणि माझे आजही एकमत नाही.

त्या मुलीच्या बाबतीत आम्ही तिलाच विचारले. तिला तराजूचे काम हवे होते. शेवटचे दोन आठवडे काटा तिच्याकडे होता.

3 जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती आली. एरवी आम्ही भाषणे पाठ करून घेतो. या वेळी मी फक्त प्रसंग सांगितला : 1848 मध्ये पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, आणि शिकवायला जाताना सावित्रीबाईंच्या अंगावर लोक शेण आणि चिखल फेकत, म्हणून त्या एक जादा लुगडे बरोबर ठेवत असत, असे आठवणींत नोंदलेले आहे. सहा आठवडे शेणात घालवलेल्या वर्गाने यावर जे प्रश्न विचारले ते पाठ केलेल्या भाषणात कधीच येत नाहीत. शेण ओले होते का? वाळायला किती वेळ लागला असेल? ते शेण आणून कोणी दिले, फेकणारे स्वतः गोठ्यात गेले का? शेवटचा प्रश्न तराजूवालीचा होता. त्यानंतर बराच वेळ कोणी बोलले नाही आणि मीही बोललो नाही.

निष्पत्तीबाबत मोजकेच लिहितो. आलेख आणि वजनाची उदाहरणे चौथीच्या सर्व मुलांना जमू लागली. पहिलीच्या मुलांना त्यातले फारसे काही कळले नाही, आणि त्यांच्यासाठी सहा आठवडे हा काळ लांबलाच. इंग्रजीचा तास मी या विषयाशी ओढूनताणून जोडला होता आणि तो पूर्ण फसला. ‘शेणकिडा’ ही हाक बंद झाली, पण तिचे श्रेय शेणकिड्यालाच जास्त जाते : ऑस्ट्रेलियात गुरे नेली, पण तिथल्या किड्यांना कांगारूच्या कोरड्या लेंड्यांचीच सवय असल्याने शेण रानभर तसेच पडून राहू लागले, आणि अखेर 1960 च्या दशकात परदेशातून शेणकिडे आणण्याची योजना तिथल्या शास्त्रज्ञांना हाती घ्यावी लागली, ही हकीकत ऐकल्यावर ती शिवी म्हणून चालेनाशी झाली. मुलीची आई पुन्हा शाळेत आली नाही. मुलगी अजून सकाळी गोठ्यात जाऊन येते, ते शाळेच्या हातात नाही. तिला उशीर झाला तर हजेरी थांबवायची एवढे आम्ही ठरवले आहे.

पुढील वर्षी हा घटक चार आठवड्यांचा आणि दुसरीपासून पुढे घ्यायचे ठरले, आणि नोंदवहीत ‘कोणी उचलले’ हा रकाना पहिल्या दिवसापासून आखला. धान्याच्या खोलीच्या दारावर मुलांनी पुठ्ठ्यावर लिहून लावलेली सूचना अजून तशीच आहे : ‘टोक पांढरे – पाल. टोक काळे – उंदीर. हात लावू नका. मावशींना सांगा.’